बिब्ब्याचा डाग

परवा काष्टीच्या बाजारात एका बाईपुढे बिब्ब्यांचा ढीग दिसला आणि मला मावशीची मान आठवली. मानेवर तिला गाठ होती, कॅन्सरची. नगरच्या दवाखान्यात तेव्हा एक नवं यंत्र आलं होतं. गाठीवर लाल उजेड टाकायचा आणि आत प्राणवायू कुठे कमी पडतोय ते पडद्यावर पाहायचं, कारण तिथे किरणांचा शेक नीट लागू होत नाही. मावशी ठेवणीतलं लुगडं नेसून आली होती. तपासणाऱ्या मुलीनं तिचा पदर बाजूला केला आणि ती थबकलीच. गाठीवर काळाकुट्ट, फोड आलेला डाग होता. "हे काय लावलंय, आजी?" "बिब्बा. लई ठणकत हुतं, म्हून थोरल्या बहिनीनं सुईला टोचून दिव्यावर तापवला आन चटका दिला." ती थोरली बहीण म्हणजे माझी आई, बाहेर बाकावर डबा घेऊन बसलेली. मुलगी हळूच म्हणाली, काळ्या डागातून उजेड आत जात नाही, कातडी बरी झाली की या. शेकाला मात्र तेवढं थांबता येणार नव्हतं. तो त्या चित्राशिवायच सुरू झाला. त्या दिवशी तपासणीच्या खोलीतून निघताना, दार उघडण्याआधी मावशीनं माझा हात दाबला. "अक्काला सांगू नगं. तिनं मायेनं लावलाय." मावशीला पुढची दिवाळी दिसली नाही. ते चित्र निघालं असतं तर ती जगली असती का, कुणास ठाऊक. आई अजूनही मधूनच विचारते, "त्या मशीनीत काय दिसलं हुतं रं?" मी म्हणतो, "सगळं नीट दिसलं." मग ती म्हणते, "बिब्बा आनखी दोनदा लावाय पायजे हुता."