करदोट्याची गाठ

"झोळीत नको टाकू तिला. कालच धुतलीय."

अंगणवाडीच्या बाई असं म्हनल्या, आन मी पोरीला उचललेली तशीच थांबले. माझी संध्या तवा दीड वर्साची. तिचे पाय हवेत लोंबकळत हुते. समोर वजनाचा काटा टांगलेला, त्याच्या खाली कापडाची झोळी. आत्ताच बागायतदाराच्या सूनबाईंची पोरगी त्या झोळीत बसून खिदळत उतरली हुती.

"मग वजन कसं करायचं, बाई?"

"दिसतंय की. नऊ किलो दोनशे." त्यांनी वहीत लिवलं, कार्डावर हिरव्या पट्ट्यात ठिपका दिला. "कर सही. तुमच्या आळीतल्या पोरांना काय होतंय? मातीत लोळूनही टुणटुणीत असतात."

बायका हसल्या. मी पन हसले. त्या हसन्याची आजबी लाज वाटती मला. हसले, आन सही केली. सातवी शिकलेली मी, सही वळनदार येती माझी.

आमची आळी ओढ्याच्या पल्याड. कोनाची ते गावात सगळ्यांना ठावं. बाईंनी तोंडानं कधी जात काढली न्हाई. फक्त आमचा नंबर आला की झोळी कालच धुतलेली असायची. दर महिन्याला. खाऊचं पाकीट बी वरनं सोडायच्या पदरात, बोटाला बोट लागू नये म्हनून.

संध्याच्या कमरेला काळा करदोटा. आमच्यात बारशाला बांधतात. पोर वाढंल तशी गाठ सोडायची, दोरा जरा ढिला करायचा. सहा महिने झाले, मी एकदाबी गाठ सोडली न्हवती. उलट करदोटा घसरून मांडीवर यायचा. मला वाटलं, दोरा पान्यानं सैल पडला. नवा बांधला. तोबी घसरला. परत बदलला. कार्डावर पोरगी महिन्याच्या महिन्याला वाढती हाय म्हनल्यावर कंबर कशी बारीक हुईल? मी छापलेल्या कार्डाचं ऐकलं आन दोऱ्याला दोष दिला. ही चूक माझी. ती मी कोनावर ढकलत न्हाई.

पन तिसऱ्यांदा गाठ मारताना मनात पाल चुकचुकली. काटा हलला न्हाई, झोळी हलली न्हाई, मग ते दोनशे ग्रॅम आले कुठनं?

मी मालकाच्या गोठ्यावर शेन काढते, सकाळी दुधाचे कॅन डेअरीवर पोचवते. तिथं दुधाचं वजन हुतं, फॅट लागतं. थेंब इकडचा तिकडं झाला तर मालक भांडायला उठतो. दुसऱ्या दिवशी मी कॅनसंगं पोरीला बी कडेवर घेऊन गेले.

"आबा, हिला जरा काट्यावर ठिवू का?" डेअरीवर माप घेनाऱ्या म्हाताऱ्याला मी इचारलं.

"ठिव की. त्यात काय इचारायचं?"

काट्यावर लाल आकडे आले. सात किलो शंभर.

"आबा, परत बघा."

परत तेच. तिसऱ्यांदाबी तेच. आबांनी पोरीला काट्यावरनं उचलून माझ्याकडं दिली. म्हनले, "पोरी, हिला दवाखान्यात ने. लई हलकी हाय गं."

मालकाच्या म्हशीचं दूध रोज दोनदा मोजलं जातं, आन माझी पोरगी वर्सभर नुसती बघून लिवली. रडू आलं न्हाई. राग आला. बाईंचा आला, आन त्याहून जास्ती माझ्या त्या वळनदार सहीचा आला.

पुढच्या वजनाला दिवसच उरले हुते चार; म्हनलं, आधी कार्डावर खरं लिवून घीन, मग दवाखाना. त्या दिवशी पोरीला घेऊन अंगणवाडीत गेले. बाई म्हनल्या, "झोळी..."

"धुतलेली हाय, ठावं हाय मला. म्हनूनच बसवते. माझी पोरगी बी आज धुऊनच आनलीया."

झोळीत बसवली. कोन हसलं न्हाई. काटा सातावर जाऊन थांबला.

"काटा बिघडलाय," बाई म्हनल्या.

"आत्ता सूनबाईंच्या पोरीला बरोबर हुता. तिला उतरवली आन लगीच बिघडला व्हय?"

बाईंचं तोंड उतरलं. जवळ येऊन हळूच म्हनल्या, "अगं, लाल पट्ट्यात ठिपका गेला की मला वर उत्तरं द्यावी लागतात. सही कर, पाकीट जास्तीचं देते तुला."

"लाल तर लाल. लिवा. आन खाली सही उद्या करीन, दवाखान्यात दावून आल्यावर."

संगमनेरच्या दवाखान्यात पोरगी पंधरा दिवस ठिवून घेतली. डॉक्टरीनबाई म्हनल्या, अजून महिनाभर उशीर केला असता तर सांगता आलं नसतं. ते वाक्य आजबी कानात हाय. त्यानंतर आमच्या आळीतलं एकबी पोर मी झोळीबिगर लिवू दिलं न्हाई. वजनाच्या दिवशी मी काट्यापाशी हुबी ऱ्हायचे. बाई आता गोड बोलत्यात, चहा इचारत्यात. मी चहा पिते, आन काट्यावरनं नजर हलवत न्हाई.

चार महिन्यांनी मी संध्याच्या करदोट्याची गाठ सोडली. त्या दिवशी मात्र रडले, पोटभर.

आता ती पैलीत हाय. काल शाळेतनं कागद आनला. आरोग्य तपासनी झाली म्हनं. डोळे ठीक. दात ठीक. कान ठीक. खाली पालकाची सही.

"डॉक्टरनी डोळ्यात बॅटरी मारली का गं?"

"न्हाई. दारात हुबं राहून इचारलं, सगळे बरे हाय ना? आमी व्हय म्हनलो."

"फळ्यावरचं दिसतं का तुला?"

"पुढं बसलं की दिसतं."

"तू कुठं बसतीस?"

"मागं. आपल्या आळीतले सगळे मागंच बसत्यात."

कागद मी घडी करून चोळीत ठिवलाय. सही केलेली न्हाई. उद्या गोठ्यावर जायची न्हाई, मालक काय बोलायचं ते बोलू दे. शाळा भरायच्या आधी मी वर्गात जानार. संध्याला मागच्या भिंतीला हुबी करनार आन मास्तरला म्हननार, फळ्यावर काहीबी लिवा, आन माझ्यादेखत हिला वाचायला सांगा.