पेण, रोहा आणि ‘इनफ्लेमेबल’

मी ठाण्यात इंग्रजी पाठ्यपुस्तकांची प्रुफं तपासते. पेणच्या रामवाडीत राहणारी माझी मैत्रीण अनघा रविवारी रोह्याजवळच्या एका आदिवासी वाडीवर बायकांना इंग्रजी वाचायला शिकवते. तिच्या वर्गातल्या एकीची कंपनीत परीक्षा होती, म्हणून अनघाने मला बोलावलं आणि मी शनिवारी एसटीत बसले.

रामवाडीला उतरले तेव्हा केसांत हायवेची धूळ होती. रात्री अनघाकडे वालाचं बिरडं आणि तांदळाची भाकरी. थंडीत गेलात तर हे चुकवू नका.

सकाळी पेण स्टेशनवरून रोह्याची गाडी पकडली. गाड्या मोजक्याच आहेत, वेळ आदल्या दिवशी विचारून ठेवा. कासू स्टेशनच्या पुढे भात कापलेल्या खाचरांत वाल हिरवागार उभा होता. रोह्याहून शेअर रिक्षा, मग नदीच्या कडेने वीसेक मिनिटं चाल.

वर्ग समाजमंदिरात भरतो. सात बायका होत्या. परीक्षा होती ती संगीता वाघमारेची. ती कंत्राटदाराकडून एका केमिकल कंपनीत रोजावर पॅकिंगला जाते. गोदामात कायमची जागा निघाली होती, पण त्यासाठी ड्रमवरची लेबलं वाचता यायला हवीत. परीक्षा पुढच्या शनिवारी.

तिने मला विचारलं, “बाई, ‘इन’ लागला का उलटं व्हतं ना? करेक्ट, इनकरेक्ट?”

मी कौतुकाने हो म्हटलं. तिने मोबाइलवर एका लेबलाचा फोटो दाखवला आणि ‘इनफ्लेमेबल’ हा शब्द न अडखळता वाचला.

“मंग ह्या पेटत नाय.”

मी घाईघाईने तिला थांबवलं. म्हटलं, “नाही हो. हे पेटतं. भडकतं.”

मग समजावलं, की इथला ‘इन’ नकाराचा नाही, तो ‘पेटवणं’ या अर्थाच्या लॅटिन शब्दातूनच आलाय. फ्लेमेबल आणि इनफ्लेमेबल, दोन्हींचा अर्थ एकच. न पेटणाऱ्याला नॉनफ्लेमेबल म्हणतात. संगीताने फोटो मोठा करून तो शब्द पुन्हा वाचला.

“म्हंजे नियम आमी पाठ करायचा,” ती म्हणाली, “आन् त्यांनी पाळायचा नाय?”

बाकीच्या हसल्या. मला हसू आलं नाही. आजवर हा शब्द मी गंमत म्हणूनच लोकांना सांगत आले होते.

अनघाने ठरवलेला धडा बाजूला ठेवला आणि आम्ही दुपारपर्यंत नुसती संगीताच्या मोबाइलमधली लेबलं वाचली. दोन्ही शब्दांच्या लेबलांवर ज्वाळेचं तेच चित्र असतं, हे संगीताच्याच लक्षात आलं. पहिल्यांदा चित्र बघायचं, मग अक्षरं, असं तिने बाकीच्यांनाही सांगितलं.

घरी परतले तर टेबलावर व्याकरणाचं प्रूफ होतं, त्यात ‘इन’ लावून विरुद्धार्थी शब्द करायचा पाठ. प्रूफ तपासणाऱ्याने मजकुरात लुडबूड करायची नसते. मी केली. एक चौकट जोडा आणि त्यात हा शब्द घाला, असं समासात लिहिलं. संपादकांनी कारण विचारलं, मी सगळं सांगितलं. चौकट राहिली.

शनिवारी संध्याकाळी संगीताचा फोन आला. परीक्षेत साहेबांनी पेटणारे आणि न पेटणारे ड्रम वेगळे लावायला सांगितले होते, तिने इनफ्लेमेबल आणि फ्लेमेबल एकाच रांगेत लावले. वर साहेबांना सुचवलंही, की बाजूला मराठीत ‘पेटतं’ लिहा, पॅकिंगच्या बायका फसतात. सोमवारपासून तिला गोदामात बोलावलंय.

मी अभिनंदन करत होते तेवढ्यात ती म्हणाली, “बाई, तिथं आजून एक शब्द हाय. मी लिवून आणलाय.”

तिने एकेक अक्षर सांगितलं, मी कागदावर उतरवलं. तो शब्द मलाही माहीत नव्हता.

“फोन ठेवू नका,” मी म्हटलं आणि डिक्शनरी ओढली.