टिचक्याच्या कानाचं माप

नवा कपडा ती कधी शिवत नसे. शिवलेलं उसवायचं आणि दुसऱ्याच्या अंगाला बसवून द्यायचं, एवढाच तिचा धंदा. म्हणून गल्लीत सगळे तिला उसवणबाई म्हणत. तोंडावर म्हणत, आणि तीही ओ देई. जिन्याखालच्या खोलीत एक शिलाईमशीन, एक उभा आरसा, आरशासमोर उभं राहायला एक लाकडी खोकं, आणि भिंतीला खिळ्यांवर टांगलेले लोकांचे कपडे. काही सुटलेल्यांचे, काही वाळलेल्यांचे, काही गेलेल्यांचे.

गेलेल्यांचे कपडे बरेच येत. कुणी बापाचा कोट घेऊन यायचं आणि टेबलावर ठेवल्यावरही त्यावरचा हात काढायचं नाही.

"उसवायलाच पाहिजे का हो? असाच जरा आत घेता नाही येणार?"

"उसवल्याशिवाय बसणार नाही," ती म्हणे. इतकं कोरडं म्हणे की समोरचा मुकाट्याने हात काढून घेई. मग ब्लेडचा अर्धा तुकडा घेऊन ती टीप कापत बसे. बाह्या सुटत, खांदे सुटत, आणि थोड्या वेळाने टेबलावर बाप नसे, नुसतं कापड असे. यात आपण काही वाईट करतो असं तिला कधी वाटलं नाही. गिऱ्हाईक कपडा घालून खोक्यावर उभं राहिलं की ओठांत टाचण्या धरून तिचा ठरलेला प्रश्न: "कुठे टोचतंय का?" काम झालं की कापलेल्या पट्ट्या, निघालेलं अस्तर, जादा झालेली बटणं, सगळं कागदाच्या पुडीत बांधून ती परत द्यायची. कुणाची चिंधीसुद्धा तिने कधी ठेवून घेतली नाही.

तिला दोन मुलं. मोठी मुलगी औषधांच्या दुकानात कामाला. धाकटा ड्रम वाजवायचा. रांगत होता तेव्हापासून जे हाताला लागेल त्यावर टिचक्या मारायचा: डबे, दारं, बहिणीचं डोकं. म्हणून तो टिचक्या. दुकानाच्या मागची खोली त्याची. मधली भिंत इतकी पातळ की तो वाजवायला बसला की आरशातलं गिऱ्हाईक थरथरायचं. मग ही मोजपट्टीने भिंत बडवायची.

"मेल्या, लोकांच्या टिपा वाकड्या होतायत!"

"तुझं मशीन तरी कुठे तालात चालतं, आई!"

त्याच्या एकाही कार्यक्रमाला ती गेली नव्हती. "भिंतीपलीकडून रोज ऐकतेय की फुकट," म्हणायची. तिला जे ऐकू यायचं ते ऐकणं नव्हतंच. नुसता धडधडाट. त्यात गाणं कुठे आहे हे तिला कळत नसे, आणि ते विचारायची तिला लाजही वाटे.

पुढे त्याच्या कानात शिट्टी वाजायला लागली. दिवसभर, बारीक, थांबायचीच नाही. स्टेजवर घालतोस ते साधे इअरफोन पुरत नाहीत, गोंगाट बाहेर राहील असं काहीतरी कानात घालायला हवं, असं त्याला सांगितलं गेलं. तेव्हा त्याने कानाचं माप देऊन इअरफोन करायला टाकले.

"तुझ्यासारखंच काम आहे त्यांचं, आई. माप घेतात. माझ्या कानाला बसेल ते दुसऱ्या कुणाच्या कानाला नाही बसायचं."

"आणि दुसऱ्याला द्यायचं झालं तर?"

"तर काय, तू आहेस ना. उसव."

दोघं हसले. मग तो दारात उभा राहून, चौकटीवर बोटं वाजवत म्हणाला, "येऊ देत एकदा. मला काय ऐकू येतं ते तुला ऐकवायचंय. नुसती भिंत बडवतेस."

इअरफोन आले, तेव्हा तो नव्हता. एका कार्यक्रमाहून परतताना त्यांची गाडी उलटली होती. बाकीचे हातपाय मोडून का होईना, घरी आले.

डबी मुलीने सही करून घेतली आणि टेबलावर ठेवली. आत काळ्या मऊ कापडात दोन हिरवे गोटे होते. बाटलीच्या काचेचा असतो तसा हिरवा. आरपार दिसायचं. आत केसासारख्या तारा आणि तांदळाच्या दाण्याएवढ्या पेट्या. उजव्यावर लाल ठिपका, डाव्यावर निळा. बाहेरचा भाग गुळगुळीत, पण आतल्या बाजूला तो गोटा वळत, पिळत, निमुळता होत गेला होता. तो टिचक्याच्या कानाचा आतला भाग होता. तिने त्याला नऊ महिने पोटात ठेवलं होतं, न्हाऊमाखू घातलं होतं, कान पकडून शाळेत नेलं होतं. पण हे वळण तिने कधी पाहिलं नव्हतं.

तिने डावा उचलला आणि कानात घालायला गेली. जाईना. जोर दिला तसं डोळ्यांतून पाणी आलं.

"आई, ते त्याच्या कानाचं आहे," मुलगी म्हणाली.

"मग? तो कान माझ्याच पोटातून आलाय ना?"

"गाणी ऐकायचीत तर माझे साधे इअरफोन घे. कुठलेही घे."

"मला गाणी ऐकायची नाहीत. त्याला काय ऐकू यायचं, ते ऐकायचंय. तो ऐकवणार होता. याच्यातून."

 मुलगी पिशवी उचलून कामावर गेली.

कपड्यात शिवणीच्या आत जादा कापड सोडलेलं असतं. त्याला माया म्हणतात. माया असली की कपडा सैल करता येतो, घट्ट करता येतो, दुसऱ्याला देता येतो. उसवणबाईचं सगळं आयुष्य त्या बोटभर पट्टीवर चाललं होतं. जगात कुठलीही वस्तू केलेली असली तर तिच्यात थोडी माया कुणीतरी सोडलेलीच असणार, असं तिच्या हातांना वाटायचं. त्या दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. तिने नखं घासायची कानस घेतली आणि डाव्या गोट्याचा तो टोचणारा उंचवटा घासायला बसली. थोडं घासायचं, कानात घालून बघायचं, पुन्हा घासायचं. टेबलावर हिरवट पांढरी भुकटी पडत राहिली. उंचवटा गेला. मग दुसरीकडे टोचायला लागलं. तेही घासलं. शेवटी तो तिच्या कानात गेला, पण सैल. मान हलवली की गळून पडे. तिने लाल ठिपक्याचा गोटा शेजारी ठेवून पाहिला. उजव्यावर अजून टिचक्याच्या कानाची वळणं होती. डाव्यावर आता कुणाचाच कान नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून ती माप घेणाऱ्याकडे गेली. एका चष्म्याच्या दुकानावर त्याची खोली होती: एक खुर्ची, एक दिवा, कपाटात दाटीने बरण्या, टेबलावर कुणाकुणाच्या कानांचे गुलाबी साचे. माणूस बोलका होता. येणाऱ्याची भीती घालवायला सतत काहीतरी बोलत राहायची सवय झालेला.

"अरे देवा," डावा गोटा दिव्याखाली धरून तो म्हणाला. "काकू, याला कुत्र्याने चावलंय का?"

"मी घासलंय."

"कशाने?"

"नखांच्या कानशीने."

तो हसला. मग तिने तो कुणाचा ते सांगितलं, तेव्हा त्याने हसू आवरलं आणि उगीच चष्मा पुसला.

"आठवतो. खुर्चीच्या हातावर सारखी बोटं वाजवत होता. हलू नकोस म्हणून दोनदा ओरडलो मी त्याला." मग थोड्या वेळाने, "हे तुमच्या कानाचं करून देता येतं. आतला माल तोच राहील. कवच मात्र नवं. जुनं फोडून आतलं काढावं लागेल."

"असंच जरा कमीजास्त करून?"

"नाही होत, काकू. फोडल्याशिवाय बसणार नाही."

ती दिव्याकडे बघत राहिली. हात डबीवर होता.

"त्याची मापं असतील ना तुमच्याकडे? ती गुलाबी..."

"माल रवाना झाला की आम्ही ती टाकून देतो. ठेवणार कुठे? उजवा हवा तर राहू द्या तसाच. डावाच करू."

"एक बाही ठेवून काय करू?" ती म्हणाली. आणि डबीवरचा हात काढून घेतला.

त्याने तिच्या कानात दोरा बांधलेला कापसाचा बोळा सरकवला, आणि पिचकारीने थंडगार गुलाबी लगदा भरला. "तोंड उघडं ठेवा. वाजवणारे, गाणारे तोंड उघडूनच माप देतात." जग एकेका बाजूने बंद झालं. आधी रस्ता गेला, मग त्याची बडबड, मग दिव्याची घुरघुर. उरला तिचा श्वास, आणि गिळताना घशात होणारा गटकन आवाज. टिचक्या इथेच, याच खुर्चीत, असाच तोंड वासून बसला असणार. हे एवढं तरी दोघांना सारखं मिळालं, असं तिच्या मनात आलं.

काही आठवड्यांनी ती घ्यायला गेली. तेच हिरवे गोटे, वळणं वेगळी. पहिला तिने कानाच्या तोंडाशी धरून जरासा फिरवला मात्र, आपलं बीळ सापडल्यासारखा तो आत गेला आणि बसला. कुठे भार नाही, कुठे फट नाही. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी तिच्या मापाची नवी वस्तू केली होती.

"आणि तुकडे?" ती म्हणाली.

"कसले?"

"जुने निघाले ते. पुडी बांधून द्या."

त्याचा चेहरा पडला. "तुकडे नाही निघत हो, काकू. आतल्या तारा नाजूक. फोडायचं म्हणतो आपण, पण घासून घासूनच काढावं लागतं. त्याची धूळ होते. ती..." त्याने कोपऱ्यातल्या केरसुणीकडे बघितलं.

ती घरी आली तेव्हा मुलगी दुकानातच बसली होती. टिचक्याच्या बरोबर कीबोर्ड वाजवणाऱ्या मुलाकडून तिने एका कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग मिळवलं होतं. प्रेक्षकांना ऐकू यायचं ते नव्हे. ड्रमवाल्याच्या कानात जायचं, तेवढंच वेगळं काढलेलं.

"तू ऐकलंस?"

"माझ्याने नाही झालं," मुलगी म्हणाली. "तू ऐक."

उसवणबाई मशीनसमोरच्या स्टुलावर बसली. दोन्ही गोटे फिरवून बसवले. गल्ली गेली. मुलीच्या बांगड्यांचा आवाज गेला. मग मुलीने फोनवर बोट ठेवलं.

टक. टक. टक. टक.

कोरडा, लाकडावर लाकूड आपटल्यासारखा ठोका. कुणीतरी अनोळखी आवाजात मोजलं, एक, दोन, तीन, चार, आणि गाणं सुरू झालं. इतकं स्वच्छ की गाणाऱ्याने श्वास कुठे घेतला तेही कळावं. तारांवरून बोट सरकल्याचा आवाज कळावा. कीबोर्डवाला कुठे चुकून पुन्हा सावरला तेही. आणि सगळ्यांवरून तो ठोका, टक, टक, न थांबता. ती वाट बघत राहिली. आता येईल. या कडव्यानंतर येईल. भिंतीपलीकडचा तो धडधडाट ती हजारात ओळखली असती. गाणं संपलं, दुसरं सुरू झालं, ठोका चालूच. टिचक्या आला नाही.

तिने एक गोटा काढला. "यात तो नाहीये."

"असं कसं? तोच वाजवतोय ना."

"नाहीये. तू बघ."

मुलीने कीबोर्डवाल्याला फोन लावला. बराच वेळ "हं, हं" करत राहिली. फोन ठेवला तेव्हा ती आईकडे न बघता आरशाकडे बघत होती.

"तो म्हणतो, ड्रमवाल्याच्या कानात ड्रम सोडत नाहीत. ते त्याच्यासमोरच असतात ना, त्याला ते तसेही जाणवतात. त्याला फक्त ठोका लागतो, आणि बाकीचे लोक. त्याचं त्याला कानात लागत नाही."

 उसवणबाईने गोटा पुन्हा कानात घातला. बाकीचे लोक वाजवत होते, एकमेकांना धरून, मध्ये एक जागा सोडून. त्या जागेभोवतीचा काठ न काठ तिला ऐकू येत होता. त्याला हेच ऐकू यायचं. त्याने ऐकवायचं कबूल केलं होतं ते तिला मिळालं होतं, अगदी तंतोतंत, आणि त्यासाठी त्याच्या कानाची शेवटची वळणं कुणाच्या तरी केरसुणीखाली गेली होती. भिंतीकडे बघत ती बसली. मोजपट्टी खिळ्यावर होती.

रेकॉर्डिंग संपलं. ठोका मात्र गाण्यानंतरही थोडा वेळ चालू राहिला. कुणी बंद करायला विसरलं असावं. मग तोही थांबला, आणि कानात तिचाच घसा, तिचीच हाडं उरली.

मुलीने तिच्या खांद्याला हात लावला. ओठ हलले. उसवणबाईने गोटे काढून डबीत ठेवले. लाल ठिपका उजवीकडे, निळा डावीकडे.

"माप घेणाऱ्याचा फोन आला होता," मुलगी पुन्हा म्हणाली. "विचारत होता कसे वाटले. काही कमीजास्त हवं असेल तर आत्ताच सांगा म्हणाला. काय सांगू त्याला?"

तिने टेबलावरचा कुणाचा तरी कोट पुढे ओढला. उलटा केला, अस्तर वर आणलं आणि ब्लेड शोधायला लागली. ते तिच्या हातातच होतं.

"सांग," ती म्हणाली, "कुठेच टोचत नाही."