अण्णांचा एक इंच खोल समुद्र

वखारीच्या अण्णांना ‘चहा घेणार का?’ असं विचारायचं नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. कप सरळ समोर ठेवायचा. विचारलं की ते चीनपासून सुरुवात करत. मग इंग्रजांचं जहाज यायचं, जहाजातून अफू उतरायची, आणि आसामात मळे लागेपर्यंत चहावर साय धरलेली असे. मिरच्या काय भावानं आणल्या असं विचारलं, तर भाव राहायचा बाजूला आणि फिरंग्यांचं गलबत गोव्याच्या धक्क्याला लागायचं. “सगळं बोटीतनं उतरलंय बघ विलासा,” ते मला म्हणत. “तू आन् मी तेवढं हितलं.”

अण्णा निपाणीचे. जैन घराणं, तीन पिढ्यांची तंबाखूची वखार, आणि स्वतः अण्णांनी आयुष्यात तंबाखूची चिमूट तोंडात टाकली नव्हती. बायको गेल्यावर ते बेळगावात लेकीकडे आले. लेक-जावई आमच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहत. वखार तोवर बंद पडली होती, पण नाव अण्णांना चिकटून आलं. आपण जिच्यावर पोट भरतो ती तंबाखू कुठून आली, एवढाच प्रश्न त्यांना तरुणपणी पडला होता. उत्तर शोधता शोधता पोर्तुगाल, स्पेन, हॉलंड सगळेच अंगावर आले. पण त्यांचं म्हणणं पुस्तकी नव्हतं. “साम्राज्य म्हंजे काय लई मोठं न्हवं रं. आधी वखार. मग वखारीला कुंपण. मग कुंपणावर तोफ. मी कुंपणापतूर गेलतो. तोफंचं काय डोक्यात आलं न्हाई, न्हाईतर चिकोडी आज माझी असती.”

वखारीच्या आतल्या चुन्याच्या भिंतीवर त्यांनी जगाचा नकाशा काढला होता. गोणीवर मार्का मारायच्या काळ्या रंगानं, सवड मिळेल तसा, वर्षानुवर्षं. कोण कुठून निघालं, कुठं वखार घातली, कुठं तोफ आणली, सगळं त्यावर. मी एकदा त्यांच्याबरोबर तो बघायला गेलो. आफ्रिकेपर्यंत पोचलो आणि शिंकायला लागलो. तंबाखूचा खकाणा त्या भिंतींत इतका मुरला होता, की ब्राझील बघायच्या आत माणूस डोळे पुसत बाहेर येई. जे काही दिसलं त्यावरून एक गोष्ट मी त्यांना प्रामाणिकपणे सांगितली, की नकाशा प्रमाणात नाही. निपाणी पोर्तुगालएवढी आहे.

“मग? पोर्तुगालात माझी वखार हाय व्हय?” अण्णा म्हणाले.

दोन वर्षांपूर्वी, नवरात्राच्या सुमाराला, दोन बातम्या एकदम आल्या. जावयाची पुण्याला बदली झाली, आणि वखारीची जागा विकली गेली. तिथं मंगल कार्यालय व्हायचं होतं. दिवाळी झाली की पाडकाम. त्या संध्याकाळी अण्णा जिना उतरून आमच्याकडे आले आणि मी मुद्दाम ‘चहा घेणार का?’ असं विचारूनही चीनला गेले नाहीत. चहा आला तो बाजूला सारून म्हणाले, “भिंत पडू दे. भिंतीचं काय न्हाई. पण विलासा, कुणी पुरतं बघितलंच न्हाई रं ते. माणसांनी येकदा तरी न शिंकता बघावं, एवढंच.”

आमच्या बेळगावात दिवाळीला गल्लोगल्ली मातीचे किल्ले होतात. लहान पोरांचा खेळ म्हणून नव्हे. चांगली मिशा फुटलेली मुलं आठवडाभर माती कालवत असतात. आमच्या गल्लीच्या मंडळानं त्या वर्षी पन्हाळा ठरवला होता. अण्णा सरळ मंडळाच्या बैठकीत जाऊन बसले आणि म्हणाले, “औंदा जग करूया.”

मंडळाचा अध्यक्ष पश्या, म्हणजे प्रशांत. गाड्यांचे हप्ते वसूल करायची नोकरी असल्यामुळे त्याला नाही म्हणायची सवय होती. “अण्णा, किल्ला करत्यात दिवाळीला. जग कोण करतंय?”

“आन् किल्ले कशाला बांधले रं? समुद्रात किल्ला बांधायची पाळी महाराजांवर का आली? हीच टोपीवाली मंडळी बोटीतनं आली म्हणून. तू नुसता किल्ला दावतोस, कोण आलतं ते दावत न्हाईस. कुस्ती लावायची आन् येकच पैलवान उभा करायचा, व्हय?”

पश्याला कुस्तीचं पटलं. अट एकच, महाराज सिंहासनावर पाहिजेत. ते ठरलंच होतं.

मी जमीन मोजणी खात्यात नोकरीला, म्हणून मापं माझ्याकडे आली. शेजारचा मोकळा प्लॉट चाळीस फूट लांब, आणि पृथ्वीचा घेर चाळीस हजार किलोमीटर. इतका सरळ भागाकार मला नोकरीत कधी मिळाला नव्हता. एक फुटाला एक हजार किलोमीटर. इंग्लंड-स्कॉटलंड मिळून एक फूट भरले. पोर्तुगाल वीतभरसुद्धा होईना. पोरं वाकून वाकून बघत होती. “एवढंसं? आन् एवढ्यानं एवढं सगळं घेतलं?” पश्या म्हणाला. अण्णांना इतका आनंद झाला, की त्यांनी त्याच्या पाठीत गुद्दा घातला. महाराजांची मूर्ती नऊ इंचांची होती, म्हणजे माझ्या प्रमाणात साडेसातशे किलोमीटर उंच. तो आकडा मी कुणाला सांगितला नाही.

समुद्राला ताडपत्री अंथरली आणि अडचण आली. दोन इंच पाणी धरलं तर अडीच हजार लिटरच्या वर जात होतं. नळाला पाणी कधी येतं याची वाट बघणाऱ्या गल्लीत हे बोलायचीही सोय नव्हती. बायका गच्चीवरून ऐकत होत्या. शेवटी मी सगळे महासागर एक इंचावर आणले आणि एकानं बोअरचं पाणी दिलं. पहिल्याच रात्री एक कुत्रं आफ्रिकेतून चालत निघालं आणि ऑस्ट्रेलियावर जाऊन झोपलं. सकाळी पोरं हाकलायला धावली. अण्णा म्हणाले, “ऱ्हाऊ दे रं. सगळ्यात सभ्य तेच. नुसतं झोपलं, पताका लावली न्हाई.”

खरा घोळ पताकांचा झाला. ज्यानं ज्यानं जिथं पाय ठेवला, तिथं त्याची पताका लावायची, असं अण्णांनी ठरवलं होतं. स्पेनचा झेंडा लाल-पिवळा. मी हातच धरला. बेळगावात लाल-पिवळा म्हणजे कानडी झेंडा, हे शेंबडं पोरही सांगेल, आणि अण्णा तर अख्खी दक्षिण अमेरिका लाल-पिवळी करायला निघाले होते. डचांचा नारिंगी, तर पोरं उसळली, “भगवा महाराजांचाच!” हिरवा काढला, कुणीतरी खाकरलं. निळा काढला, दुसरं कुणीतरी खाकरलं. सगळं जग मावलं होतं त्या प्लॉटमध्ये, पण आमच्या गावात एक रिकामा रंग मिळेना.

तोडगा माझ्या बायकोनं काढला. ओटीत आलेले ब्लाऊजपीस घरोघरी कपाटात पडून असतात. “त्यावर कुणाचा हक्क नसतो,” ती म्हणाली, “शिवतही नाही कुणी.” स्पेनला ठिपके मिळाले, पोर्तुगालला चौकडी, फ्रान्सला रेघा, हॉलंडला बारीक फुलं. इंग्रजांसाठी अण्णांनी मुद्दाम कोरं मांजरपाट आणवलं. “ह्यांनी जगाला कापड विकलं. ह्यांना ह्याच्यापरीस भारी द्यायचं न्हाई.” संध्याकाळपर्यंत गल्लीतली सगळी माणसं ‘ठिपकेवाल्यांनी मेक्सिको घेतलं’, ‘फुलवाल्यांनी चौकडीवाल्यांना सिलोनातून हाकललं’ असं बोलू लागली. मला वाटतं, इतका सोपा इतिहास आमच्यापैकी कुणीच शिकला नव्हता.

धनत्रयोदशीपासून माणसं यायला लागली. खडेबाजारातली, कॅम्पातली, शहापूरची. येणारा प्रत्येकजण चाळीस फूट जगाकडे एकदा बघायचा आणि वाकून विचारायचा, “बेळगाव कुठाय?” मी आधीच सोय केली होती. शहर साधारण सहा-सात किलोमीटरचं, म्हणजे प्रमाणात बरोबर मोहरीचा एक दाणा. निपाणीला खसखस दिली, आणि त्यावरून अण्णा दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. नरकचतुर्दशीला एक पोलीस आला, टोपी काढून उकिडवा बसला आणि तेच कानडीत विचारलं, “बेळगावी यल्लैती री, अण्णार?” अण्णांनी त्याच्याच भाषेत सांगत, त्याचं बोट धरून मोहरीवर नेलं. त्यानं आजूबाजूला राज्याच्या सीमेची रेघ शोधली. रेघ नव्हती. “हे कुठल्या राज्यात म्हणायचं?” त्यानं मराठीत विचारलं.

“हितं राज्यं न्हाईत साहेब, साम्राज्यं हायत,” अण्णा म्हणाले. “बेळगावावर मांजरपाट. ते गेलं, त्यात तुम्हाला-आम्हाला दोघांना आनंदच हाय न्हवं?”

पोलीस इतका हसला, की हातातली टोपी अरबी समुद्रात पडली.

पण पाडव्याच्या संध्याकाळी अण्णा आमच्या पायरीवर तोंड पाडून बसले होते. “मोहरी बघून जात्यात,” म्हणाले. “मोहरी सापडली की गेले. भिंतीवर निदान शिंकत तरी व्हते.” गर्दी मी पाहत होतो आणि ते खरंच होतं. माणसं येत होती, पण जग कुणी बघत नव्हतं. परवा सामान हलणार होतं.

त्यावर मी काय बोललो ते मला आठवत नाही, बहुधा गर्दीचा आकडा सांगितला असेन. अण्णा ऐकत नव्हते. ते एकदम उठले. “विलासा, लावलेल्या पताका बघत न्हाईत व्हय? काढताना बघतील. वर्सांची यादी कर.”

भाऊबीजेला सगळी गल्ली प्लॉटभोवती उभी केली. प्रत्येकाला एक-दोन पताका नेमून दिल्या. ज्या साली देश सुटला, त्या क्रमानं मी साल सांगायचं आणि अण्णांनी आवाज द्यायचा. वखारीत हमालांना द्यायचे तोच आवाज.

“सतराशे शहात्तर, अमेरिका,” मी म्हटलं.

“उचलाऽऽ!”

कोपऱ्यावरच्या शिंप्यानं मांजरपाट उपटलं. टाळ्या. मग हैतीच्या रेघा गेल्या. मग दक्षिण अमेरिकेत धांदल उडाली. सालं इतकी जवळजवळ, की ठिपकेवाली माणसं एकमेकांवर आदळत पाण्यातूनच पळाली. “ब्राझील चौकडी! कुणाकडं हाय रं ब्राझील?” ब्राझील माझ्या बायकोकडे होतं आणि ती हसून हसून खाली बसली होती. लोक आता विचारत होते, “कांगो अजून का न्हाई सुटलं?” “फुलवाले जाव्याला अजून हायतच?” सत्तेचाळीसला अण्णांनी आवाज द्यायची गरजच पडली नाही. एकसष्टला गोव्याची चौकडी पश्यानं काढली आणि डोक्याला बांधली. आफ्रिका तर फटाक्याच्या माळेसारखी सुटली. शेवटी मकावची चौकडी निघाली तेव्हा अण्णांचा आवाज बसला होता, नुसते ओठ हलले, पण गल्लीनंच ओरडून पुरं केलं, “उचलाऽऽ!”

यादी तपासून मी म्हटलं, “अण्णा, काही शिल्लक आहेत. लहान बेटं. ती अजून सुटलेली नाहीत.”

अण्णा धोतराच्या सोग्यानं तोंड पुसत जगाकडे बघत होते. “ऱ्हाऊ देत,” घोगऱ्या आवाजात म्हणाले. “ज्याच्या दारात हाय, त्यानं उचलायची.” मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “बघितलं रं सगळ्यांनी.” दुसऱ्या दिवशी सामानाच्या टेम्पोत पुढं बसून ते पुण्याला गेले. वखार पडली तेव्हा बघायला आले नाहीत.

पुढच्या आठवड्यात माती न्यायला टिपर आला. चालक घाईत होता, इंजिन चालूच ठेवून उतरला आणि फावडं घेऊन आला. मध्येच थांबला. अमेरिकेजवळच्या एका बेटावर फुलाफुलांचा एक तुकडा अजून उभा होता.

“हे काय हो?”

“ती डचांची पताका,” मी म्हटलं.

“डच कोण?”

मी म्हटलं, “वखारवाले. आधी नुसती वखार घातली त्यांनी. मग कुंपण.” आणि मग मी हॉलंडला गेलो, तिथून जाव्याला, जायफळाला. मागं एक रिक्षा हॉर्न वाजवत होती. मला थांबायचं होतं, पण तो फावड्यावर रेलून म्हणाला, “मग पुढं?”

“पुढं तोफ.”

त्यानं टिपरपाशी जाऊन केबिनमध्ये हात घातला, किल्ली फिरवली आणि इंजिन बंद केलं.