अकराव्या प्रकरणातला सायकलवाला

सप्टेंबर २००४, रविवार, मुंबई विमानतळ. हजर: आई, दादा, वहिनी, मी. नवरा आधीच इंग्लंडात, लेस्टरला. आई म्हणाली, "पोचलीस की आधी फोन, मग सामान." मी तसंच केलं. आपण निघालो तेव्हा मागे फोन उचलायला कोणीतरी होतं, हे तुमच्या-माझ्या लक्षातही येत नाही.

माझ्या लक्षात आलं ते सेनाडामुळे. ती बोस्नियाची, इथल्या हॉस्पिटलच्या अपॉइंटमेंट डेस्कवर माझ्या शेजारी बसते. मी पुण्यात जर्मन शिकवायचे हे कळल्यावर तिने एक कादंबरी आणली. तिच्याच गावातून लहानपणी जर्मनीला पळालेल्या मुलाने मोठेपणी लिहिलेली, जर्मनमध्ये. सेनाडाला जर्मन येत नाही.

"माझा भाऊ त्यात आहे का, बघ," ती म्हणाली. भाऊ सायकली दुरुस्त करायचा. १९९२ साली बोस्नियाच्या युद्धात नाहीसा झाला, त्याला पंधरा वर्षं झाली.

क्लासच्या सवयीने मी वही आखली: प्रकरण, जागा, माणसं, काय घडतं. दर गुरुवारी लंच ब्रेकमध्ये एक प्रकरण सांगायचं. या युद्धावरच्या इतर जर्मन कादंबऱ्यांत मला बातमीदारच भेटले होते, हॉटेलात बसून स्वतःची लाज तपासणारे. या मुलाच्या पुस्तकात युद्ध पाव भाजता भाजता घरात शिरतं. तो चेष्टा करतो, सगळ्यांवर माया करतो. सहाव्या प्रकरणात बेकरीवाला तळघरातून जिवंत निघतो. मी खुशीत सांगितलं. सेनाडाने सँडविच खाली ठेवलं.

"त्याला मी पुरलंय. या हातांनी."

"अगं, कादंबरी आहे ती."

"मग वहीत 'वाचला' कशाला लिहितेस, टीचर?"

मी खोडलं.

अकराव्या प्रकरणात सायकलवाला आला. नाव नाही. अंगणात उलट्या सायकलचं चाक फिरतंय आणि सैनिक त्याला बसमध्ये चढवतात. दोन पानांनंतर तो व्हिएन्नात स्वतःचं दुकान थाटून बसलेला, हसतोय.

लेखकाने पुस्तकात ज्यांना वाचवलं, ते सगळे बेकरीवाल्यासारखेच होते, हे मला आता कळलंय.

घर म्हणजे काय, यावर मी पूर्वी पानभर लिहिलं असतं. सेनाडाचं घर एका परक्या भाषेत उरलंय, आणि तिथे जायला तिला मी लागते.

तीन गुरुवार मी काम आहे म्हणून टाळले. अकरावं प्रकरण सांगायचं बाकी आहे.