कार्डाची मागची बाजू

आमच्या चर्चची पुढची, दोन खांबांची पडवी रस्तारुंदीत जाणार असं कळलं, तेव्हा गावच्या बैठकीत मी नको तेवढी छाती पुढे काढली. मोजणीवाल्या साहेबांचं म्हणणं होतं, पडवी अलीकडे वाढवलेली आहे; जुनी असेल तर पुरावा दाखवा. मी म्हटलं, पुरावा माझ्या घरात आहे. मावशीला आधी विचारावं एवढी अक्कल काही तेव्हा सुचली नाही.

पुरावा म्हणजे एक जुनं चित्राचं पोस्टकार्ड. त्यावर आमचं चर्च, पडवीसकट. मावशीचं ज्याच्याशी लग्न ठरलं होतं तो बोटीवर कामाला गेला आणि बुडाला. हे त्याचं शेवटचं कार्ड, एवढं गावाला ठाऊक. त्याच्या आत्म्यासाठी ती दरवर्षी चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे प्रार्थनाविधी, सांगते. कार्ड तिने काचेच्या चौकटीत बसवलंय. पण साल होतं मागच्या बाजूच्या टपालशिक्क्यावर, आणि ती बाजू आजवर कुणी पाहिली नव्हती.

दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. साहेब यायचे त्या सकाळी मात्र चौकट माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "शिक्का दाखव. बाकीचं वाचू नको."

चौकटीतून कार्ड काढलं आणि मी वाचलं. त्याची लाज अजून वाटते. त्याने लिहिलं होतं, इथे लग्न केलंय, वाट पाहू नकोस. गावची आठवण म्हणून हे चित्र बरोबर आणलं होतं, ते परत पाठवतोय.

त्या माणसाचा असा संताप आला की कार्ड फाडून टाकावंसं वाटलं. अकरा वाजत आले होते, साहेब येतच असतील. घाईघाईने मजकुरावर कोऱ्या कागदाची पट्टी डिंकाने चिकटवली, शिक्का तेवढा उघडा ठेवला.

पडवीत निम्मं गाव जमलं होतं. साहेबांनी कार्ड उलटलं आणि विचारलं, हे झाकलंय का? मी म्हटलं, घरगुती आहे. असले चिकटवलेले कागद पुरावा म्हणून चालत नाहीत, असं म्हणून ते फाईल मिटू लागले. फादर माझ्याकडे बघत होते.

मावशी कधी आली ते मला कळलंच नाही. तिने साहेबांच्या हातून कार्ड घेतलं, नखाने पट्टी सोलली आणि फादरांना दिलं. वाचा, म्हणाली. फादरांनी हळू आवाजात सगळं वाचलं.

"बुडाला असं मीच सांगितलं," ती म्हणाली. "टाकून गेला म्हटलं असतं तर जन्मभर सगळे माझ्या तोंडाकडं बघत बसले असते."

मग साहेबांकडे वळून तिने विचारलं, "साल दिसतंय ना आता?"

साहेबांनी मान खाली घालून साल लिहून घेतलं.