विळ्याची मूठ

दर वर्षी मी फळ्याच्या मधोमध एक उभी रेघ ओढते. डावीकडे 'सुधारलेले' लिहिते, उजवीकडे 'रानटी'. अभ्यासक्रमात एक जुनी इंग्रजी कादंबरी आहे. चांगल्या घरची माणसं रानात अडकतात आणि बघता बघता एकमेकांच्या जिवावर उठतात. अमळनेरच्या कॉलेजात ती मी इतकी वर्षं शिकवतेय की पुस्तक न उघडताही तास होतो. आग कशाचं प्रतीक, चाकू कशाचं, कोणतं पात्र कोणत्या रकान्यात. पोरं भराभर उतरवून घेतात, कारण दहा मार्कांचा प्रश्न हमखास येतो. शेवटी मी आवाज जरा खाली आणून सांगते, रानटीपणा बाहेर कुठे नसतो, तो आपल्या आत असतो. मग घंटा होते आणि मी चहाला जाते.

मागच्या वर्षी हा तास चालू असतानाच धाकट्या भावाचा फोन आला. रावेरजवळ आमच्या गावी तो केळी करतो. कोणीतरी त्याच्या बागेतली निसवलेली, म्हणजे घड बाहेर पडलेली केळी कापून टाकली होती. चोरीसाठी नव्हे, नुसती कापून टाकली होती. आमच्या भागात सूड उगवायची ही रीत आहे. माणसाला बोट लावायचं नाही, त्याची उभी केळी आडवी करायची.

भुसावळला गाडी बदलून मी दुपारी पोचले. कोवळ्या घडांसकट झाडं चिखलात पडली होती, आणि भाऊ बांधावर बसून त्यांच्याकडे बघत होता. त्याला तसा बसलेला मी आई गेली तेव्हाच पाहिला होता. माझं डोकं तिथंच तापलं. कोण, एवढंच मला हवं होतं, आणि ताबडतोब हवं होतं.

नाव तयारच होतं. भावाचा सालदार, वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी, सातपुड्यातला पावरा आदिवासी, बायकोसह मळ्यातच झोपडी करून राहणारा. चार दिवसांपूर्वी सुट्टीवरून भावाशी त्याचं वाजलं होतं. "त्याच्याशिवाय कोन येते इथी?" भाऊ म्हणाला आणि त्याला हाक मारली. "विळा दाखव तुहा."

सालदारानं घड कापायचा विळा कमरेचा काढला आणि पुढे धरला. पातं स्वतःकडे, मूठ भावाकडे. भावानं मूठ पकडली आणि तेच पातं त्याच्या छातीसमोर नाचवत विचारलं, "याच्यानंच कापली ना?"

"आमी अशी नाय कापत, भाऊ," तो म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "बाई, तुमी बघा. हे बघा."

मी बघितलं. मळ्यात वाढलेली मुलगी आहे मी, मला कळलं नाही असं म्हणायची सोय नाही. रोज कापणारा माणूस एकाच तिरप्या घावात काम उरकतो. इथे एकेका खोडावर चार-चार, पाच-पाच घाव होते, आडवेतिडवे, सवय नसलेल्या हाताचे. ते मला स्वच्छ दिसलं, आणि मी मान फिरवली.

"अक्का, अर्ज तू लिही," भाऊ म्हणाला. "तुह्या अक्षराले वजन हाये."

लिहिला. ओट्यावर बसून, फुलस्केपवर, शुद्ध मराठीत. 'सदर इसम जंगली प्रवृत्तीचा असून' हे माझं वाक्य. विळ्याला मी 'हत्यार' म्हटलं. संध्याकाळी पोलिसांनी त्याला चौकीत नेऊन बसवलं आणि विळा जप्त केला. त्याची बायको आमच्या फाटकाशी उभी राहिली. मी दार लोटून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चुलती आली. तिच्या मुलाचं आणि माझ्या भावाचं बांधावरून कितीक वर्षांचं वाकडं. हा चुलतभाऊ एम.ए. झालेला, गावातल्या व्याख्यानमालेचा कर्ताधर्ता. आदल्या वर्षी 'संस्कृती' या विषयावर माझं व्याख्यान ठेवून यानंच मला शाल-श्रीफळ दिलं होतं. चुलती पदर तोंडाला लावून रडत म्हणाली, "हाताले फोड आले त्याच्या. रागात गेला न बाई. घरातलं हाये, घरातच राहू द्या."

मला वाटलं, भाऊ आता उसळेल. तो एवढंच म्हणाला, "काकाचं नाव जाईन चावडीवर. सालदाराले काय, देतील सोडून दोन-चार दिवसांत."

आणि मी? मीही गप्प बसले. सगळं माहीत असून मी दोन दिवस त्या घरात जेवले, झोपले, वहिनीला शेंगदाणे निवडू लागले. घरात पाय ठरेना म्हणून नुसती आत-बाहेर करत होते. फाटकाशी ती बाई येऊन उभी राहायची, काही मागायची नाही, बोलायची नाही. मला तिचा राग यायला लागला. आपण ज्याचं वाईट केलं त्याचाच राग येतो, हे मी वर्गात कधी सांगितलं नव्हतं, कारण ते नोट्समध्ये नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मी उठले, दुसरा अर्ज लिहिला, त्यात चुलतभावाचं नाव घातलं आणि एकटीच चौकीत गेले. भाऊ दारातून म्हणाला, "मंग या घरी येऊ नको." त्यानंतर गेले वर्षभर त्याचा फोन नाही.

फौजदारानं दोन्ही कागद शेजारी ठेवले. "मॅडम, हा पहिलाही तुमचाच ना?"

"माझाच," मी म्हणाले.

सालदाराला बाहेर आणलं. तीन दिवसांत गालफडं बसली होती. मी माफी मागितली, अगदी हात जोडून. तो ऐकून घेत होता, पण नजर टेबलावरच्या विळ्यावर होती. "तेवढा द्या, बाई," तो म्हणाला. "दुसरीकडं कामाला जायचंय."

फौजदारानं मानेनंच हो म्हटलं. मी घाईघाईनं विळा उचलला आणि त्याच्यापुढे धरला. तो क्षणभर थांबला. मग दोन बोटांनी पात्याची पाठ धरून त्यानं तो जपून घेतला, कमरेला खोचला आणि चौकीबाहेर बसलेल्या बायकोला घेऊन चालू लागला.

तो का थांबला, हे मला परतीच्या गाडीत कळलं. मूठ मी माझ्याकडेच ठेवली होती.